सर्वानुमते तहकूब

भांडणं मिटवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी गेलोच असतो. निवृत्त माणूस कुठल्याही बैठकीला जातो. तिथे चहा असतो, बसायला खुर्ची असते आणि आपण बोलताना मध्येच कुणी 'गॅस बंद करा' म्हणत नाही.

संस्था आमच्या सांगलीतलीच. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे, भावाभावांचे, घरमालक-भाडेकरूंचे तंटे कोर्टाची पायरी चढण्याआधी समोरासमोर बसवून मिटवायचे, हे काम. फी घ्यायची नाही, निकाल द्यायचा नाही आणि चूक कुणाची हे तर मुळीच सांगायचं नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्याच आठवड्यात मंडळाचे दोन सभासद घरी आले. माझ्या सामाजिक जाणिवेबद्दल काही बोलतील म्हणून मी जरा सरसावून बसलो.

"तुमचं अक्षर चांगलं आहे असं कळलं," ते म्हणाले.

अशा रीतीने मी सहचिटणीस झालो. आमच्याकडे चिटणीसही आहेत, पण ते फक्त सही करतात. इतिवृत्त मी लिहायचं, सही त्यांनी करायची आणि मजकुरावरून शिव्या मी खायच्या, अशी कामाची वाटणी आहे. ती कुठल्याही ठरावात नाही, पण संस्थेतली एवढीच एक गोष्ट बिनविरोध चालू आहे.

मंडळावर आम्ही नऊ जण. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणतात. उपाध्यक्ष वकीलसाहेब. वकीलसाहेबांचा एक अर्ज जज्जसाहेबांनी पूर्वी कधीतरी फेटाळला होता. कुठल्या दाव्यातला, ते दोघंही विसरलेत; फेटाळला होता हे मात्र दोघांच्याही लक्षात आहे. खजिनदार काका बँकेत शाखाधिकारी होते आणि अजूनही समोरच्याकडे कर्जाला जामीन नसल्यासारखं बघतात. प्राध्यापिकाबाई मानसशास्त्र शिकवायच्या. वहिनींची मुलगी कॅलिफोर्नियात असते. चिटणीस डॉक्टर आहेत. ते येतात, सही करतात, मोबाइल वाजतो, जातात. त्यांच्यामुळे कोरम होतो, म्हणून त्यांना आम्ही सक्रिय सभासद मानतो. एक तरुण मुलगा आहे. तो संगणकाचं बघतो, म्हणजे आमचे पासवर्ड विसरले की त्याला फोन जातो.

आणि नाना. नाना तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा आबांच्या तालुक्यात तंटे शिल्लक ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून गावोगावी माणसं जोमानं कामाला लागली. दिवाणी, महसुली, फौजदारी, सगळ्या तंट्यांची नोंदवही ठेवायची, मिटतील तेवढे मिटवायचे आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येच्या हिशेबानं लाखांत बक्षीस. नानांच्या गावाला बक्षीस मिळालं. त्या पैशाचं काय करायचं यावरून गावात तंटा झाला. नानांनी तोही मिटवला.

आता एवढी जाणती माणसं एका टेबलाभोवती बसल्यावर काम कसं झरझर व्हावं! पण आमच्यातल्या बहुतेकांनी मध्यस्थीचं रीतसर 40 तासांचं प्रशिक्षण घेतलंय, तिथे घोटाळा आहे. त्या प्रशिक्षणात मन लावून ऐकायला शिकवतात. समोरचा बोलला की त्याचंच म्हणणं सौम्य शब्दांत त्याला परत सांगायचं, भावना ओळखून तिची दखल घ्यायची, 'तुम्ही' असा ठपका न ठेवता 'मला असं वाटतं' असं बोलायचं. फार उपयोगी विद्या. मात्र ही विद्या न शिकलेल्या माणसाशी भांडण दहा मिनिटांत संपतं आणि शिकलेल्याशी ते संपतच नाही, हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दिलेलं नाही.

पंख्याचीच गोष्ट घ्या. खजिनदार काकांना वाऱ्यानं शिंका येतात. वकीलसाहेबांना वारा नसला की घाम फुटतो. चार लोकांत अशा वेळी काय होईल? एक ओरडेल, दुसरा कुरकुरेल, पंखा दोनवर ठेवला जाईल. आमच्यात असं झालं:

"काका, तुम्हाला वाऱ्याचा त्रास होतोय, असं मी समजू का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही तसं समजल्यामुळे मला बरं वाटावं, अशी तुमची अपेक्षा दिसते."

"तुमच्या बोलण्यात मला राग जाणवतोय. जाणवतोय एवढंच म्हणतो हं, आरोप नाही."

"तुम्हाला जाणवतोय, याची मी दखल घेतो."

"दखल घेतल्याबद्दल आभार."

"आभारांमागची भावना माझ्यापर्यंत पोचली."

हे सगळं अतिशय मऊ आवाजात. दोघांच्याही कानशिलावरच्या शिरा मात्र टरारून फुगलेल्या. नानांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही. ते म्हणाले, "आवो, खुर्च्या बदला की."

टेबलाभोवती शांतता पसरली. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. "नाना, तुम्ही थेट तोडगाच सांगितलात. मध्यस्थानं तोडगा सांगायचा नसतो. तो पक्षकारांच्या तोंडून यायला हवा."

मग तो पक्षकारांच्या तोंडून येण्याची आम्ही वाट पाहिली. शेवटी वीज गेली आणि विषय निकाली निघाला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'पंख्याबाबत सविस्तर चर्चा झाली.'

पुढच्या बैठकीतला विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ज्यांनी कुठल्याही संस्थेत काम केलंय त्यांना ठाऊक असेल, की हा विषय म्हणजे चहा येईपर्यंतचा वेळ. आमच्याकडे चहा येतो, कप विसळून होतात, मावशी घरी जातात, तरी मागील सभा कायम झालेली नसते. काकांचं म्हणणं, 'सविस्तर' काढा, कारण त्यांचं म्हणणं पूर्ण झालं नव्हतं. वकीलसाहेबांचं म्हणणं, 'सविस्तर' राहू द्या, कारण काकांचं म्हणणं वाजवीपेक्षा जास्त झालं होतं. जज्जसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. अनेक वर्षांची सवय असल्यानं त्यांनी हा मुद्दा निर्णयासाठी राखून ठेवला. मागील सभा कायम झाल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालता येत नाही. सरतेशेवटी मागच्या आणि त्याच्या मागच्या अशा दोन्ही सभा त्या दिवशी सर्वानुमते तहकूब झाल्या. झालेली सभा तहकूब करता येते, हे मला पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढूनही माहीत नव्हतं. आणि आमच्या खात्यात काय काय होत असे, ते मी इथे सांगत नाही.

खात्यातल्या एका सवयीनं मात्र मला तारलंय. सांगलीकराला पावसाळ्यात कुणाचाही फोन आला तरी पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" कृष्णेवरच्या त्या पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मी बैठकीच्या टिपणवहीच्या समासात तशीच पातळी मांडत जातो. पंखा 38. भडंग 41. शेजारी बसलेल्या नानांनी एकदा वहीत डोकावून बघितलं आणि तेव्हापासून ते मधूनच माझ्या कानाशी लागतात, "किती झालं?" मी म्हणतो, "42." मग ते खुर्ची जरा मागे घेतात.

भडंगाचं राहिलंच. बैठकीला चहाबरोबर भडंग असतो. तो नसता तर संस्था कधीच बंद पडली असती. एकदा दुकानदारानं बिलावर 'भडंग व इतर' असं लिहिलं. काकांनी बिल दोन बोटांत धरून उजेडासमोर नेलं.

"इतर काय?"

कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी खाल्लं होतं, पण 'इतर' खाल्ल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, शेंगदाणे जादा घातले होते. वकीलसाहेब म्हणाले, शेंगदाणे हा भडंगाचा अविभाज्य भाग आहे, तो वेगळा आकारता येत नाही. काका म्हणाले, हिशेब तपासनीस मला विचारणार, तुम्हाला नाही. तरुण मुलानं सुचवलं, मी पैसे भरतो, विषय संपवा. हे ऐकल्यावर तर कहरच झाला. खिशातून पैसे भरणं म्हणजे देणगी. देणगी म्हणजे पावती. पावतीपुस्तक काकांच्या कपाटात. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असावी हा विषय तर गेल्या वार्षिक सभेपासून उघडाच आहे. कपाट बंद आहे.

आता कुणाला वाटेल, ही सगळी भांडकुदळ माणसं असावीत. तसं मुळीच नाही, आणि मी चक्रावतो ते इथेच. यांच्यातलं कुणीही मध्यस्थीला बसलं की बघत राहावं.

एकदा दोन सख्खे भाऊ आले होते. द्राक्षबाग वाटून घेतलेली, बोअर एकच, आणि पाण्याच्या पाळीवरून चार वर्षं अबोला. थोरला बोलायला लागला की धाकटा खिडकीबाहेर बघायचा. धाकटा बोलायला लागला की थोरला बोटं मोडायचा. जज्जसाहेब आणि नाना बसले होते. जज्जसाहेब एक शब्द बोलले नाहीत. पेन टेबलावर ठेवलं, हाताची घडी घातली आणि ऐकत राहिले. आयुष्यभर 'मुद्द्यावर या' असं वकिलांवर खेकसलेला हा माणूस, थोरला आजीच्या दिवसांपर्यंत गेला तरी मध्ये बोलला नाही. नानांनी एक कप चहा दोघांच्या बरोब्बर मध्ये ठेवला. एकच. मावशी दुसरा आणत होती, तिला त्यांनी डोळ्यानं थांबवलं. बराच वेळ तो कप तसाच होता, वर साय धरली. मग धाकट्यानं बशी ओढली, त्यात अर्धा ओतला आणि कप थोरल्याकडे सरकवला. त्याच्याकडे न बघता. त्यानंतर पाळीचं ठरायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भाऊ खाली उतरून गेले. जज्जसाहेबांनी डोळे पुसले. मी पाहिलं. पण लगेच नानांकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही एकच कप ठेवलात. हे आधी मला विचारायला हवं होतं. सहमध्यस्थांत चर्चा झालेली नव्हती."

"चहात कसली चर्चा, सायेब?"

"प्रक्रियेचा प्रश्न आहे."

पातळी 39.

मला यातून एक उलगडा झाला. या माणसांनी आठवडाभर काय करायचं? समोरचा धडधडीत खोटं बोलतोय हे दिसत असताना मान डोलवायची. सासूचं ऐकताना सुनेची बाजू मनात ठेवायची आणि सुनेचं ऐकताना सासूची. 'अरे, लाज नाही वाटत?' हे वाक्य दर अर्ध्या तासाला ओठांवर येतं, ते आवंढ्याबरोबर खाली ढकलायचं. घरी जाऊन सांगावं तर गुप्ततेची शपथ. ही सगळी गिळलेली वाक्यं कुठेतरी निघायलाच हवीत. ती महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता निघतात. म्हणून आमची बैठक कधी कोरमअभावी रद्द होत नाही. साहित्याच्या, शिक्षणाच्या, संगीताच्या संस्थांना माणसं जमत नाहीत म्हणे. आमच्याकडे तापात येतात.

तर नामफलक. संस्थेच्या दारावर विश्वस्तांची नावं असावीत, असा ठराव झाला. नावं कुठल्या क्रमानं? पदाप्रमाणे, म्हणाले जज्जसाहेब. वयाप्रमाणे, म्हणाले काका. अकारविल्हे, म्हणाल्या प्राध्यापिकाबाई, कारण ते निःपक्षपाती. आडनावाचं आद्याक्षर घ्यायचं की नावाचं, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यात त्यांचं नाव पहिलं येत होतं. तरुण मुलगा म्हणाला, गोल फलक करू, नावं कडेनं लिहू. त्याला कुणीतरी विचारलं, गोलात वर कोण? वहिनी म्हणाल्या, "अहो, सॅन फ्रान्सिस्कोत 1976 सालापासून हे काम चालू आहे, कम्युनिटी बोर्ड्‌स म्हणतात. शेजारीच शेजाऱ्यांची भांडणं मिटवतात. मी लेकीकडे गेले होते तेव्हा सगळं वाचून आले."

"तिथे फलकावर नावं कुठल्या क्रमानं आहेत?" काकांनी विचारलं.

ते वहिनींनी बघितलं नव्हतं. एवढं कॅलिफोर्नियाला जाऊन यायचं आणि नेमकं कामाचं बघायचं नाही!

त्या दिवशी समासात मी 57 लिहिलं. 2019 च्या महापुरानंतर तो आकडा मी पुन्हा लिहीन असं वाटलं नव्हतं. इकडे पेंटर अर्ध्या दिवसाची मजुरी पदरात पडावी म्हणून बिचारा येऊन बसला होता. त्यानं वर 'विश्वस्त मंडळ' एवढं सुंदर वळणदार रंगवलं आणि खालची पांढरी जागा सोडून निघून गेला. तो फलक आजही तसाच आहे. मध्यंतरी एक गृहस्थ आत येऊन विचारून गेले, "जागा भरायच्यात का? माझा मुलगा बी.कॉम. आहे."

याच सुमाराला वकीलसाहेबांनी राजीनामा दिला. म्हणजे विषयपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर 'मी कंटाळलो' असं लिहून ती टेबलावर टाकली. तो राजीनामा आहे की मनोगत, यावर चर्चा होण्याआधीच जज्जसाहेबांनी 'मंजूर' असा शेरा मारला. विश्वस्तांत बदल झाला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मी माझ्या चांगल्या अक्षरात तयार केला. तो दाखल झाला. मग वकीलसाहेब म्हणाले, मी कंटाळलो असं लिहिलं होतं, सोडतो असं नव्हे. त्यांनी हरकत घेतली. आता फाइल चौकशीवर आहे आणि आम्ही, इतरांना कोर्टकचेरीपासून वाचवणारे, तारखांना जातो. जज्जसाहेब आणि वकीलसाहेब जातात एकाच रिक्षातून. परवडत नाही म्हणून.

तिथल्या एका साहेबांनी फाइल चाळली आणि सहज विचारलं, "आपली संस्था नेमकं काय करते?"

"समेट घडवते," मी म्हणालो. माझा आवाज जरा लहानच निघाला असावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

"मग हे आपसात मिटवून का घेत नाही?"

विचार वाईट नव्हता. पुढच्या बैठकीत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात मी तो मांडला. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना पटला. मध्यस्थी करू या! पण कुणाकडून? आमच्यातल्याकडून नको, तो तटस्थ नसणार. बाहेरच्याकडून नको, तो सगळीकडे सांगणार. वकीलसाहेबांनी 2023 चा मध्यस्थी कायदा काढला. त्यात सामुदायिक मध्यस्थीची कलमं आहेत, 43 आणि 44. तीन मध्यस्थांचं पॅनेल नेमायचं आणि त्यात समाजात मान असलेली, सचोटीची माणसं असावीत, असं सांगितलंय. अशी तीन माणसं आपल्यात कोण, हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं ठरलं. प्रत्येकाला दोन नावं सुचली, त्यातलं एक स्वतःचं. तिसरं कुणालाच सुचलं नाही.

जज्जसाहेबांनी आणखी एक शंका काढली. या प्रकारच्या समझोत्याची दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येत नाही, असं त्याच कायद्यात आहे. मग उद्या यांनी शब्द फिरवला तर? त्यावर वकीलसाहेबांनी, नेहमीच्या मध्यस्थीला कायद्यानं 120 दिवस दिलेत, फार तर 60 वाढवून मिळतात, आणि अध्यक्षमहोदयांना 'सविस्तर' शब्दाचा निर्णय द्यायलाच त्याहून जास्त लागले, याकडे सभेचं लक्ष वेधलं. नाना इतका वेळ भडंगातले शेंगदाणे एका बाजूला काढत होते. ते म्हणाले, "मी म्हंतो, दोघास्नी एक कप द्या."

कुणी ऐकलं नाही.

गेल्या शनिवारचं सांगतो. पाच वाजता एक प्रकरण लावलेलं होतं. एका अपार्टमेंटमधल्या दोन बायका. वरचीच्या कुंड्यांचं पाणी खालचीच्या वाळवणावर पडतं. वर्षभर धुसफूस. पोलिसांत अर्ज देऊन झालेला. आमची बैठक चार ते पाच. मधला अर्धा पडदा प्लायवूडचा, वरून उघडा. पलीकडे बाकावर पक्षकार बसतात. आम्ही 'सविस्तर'मधून निघून किल्लीपर्यंत पोचलो, तेव्हा पाच वाजले. किल्लीवरून पुन्हा फलकावर आलो, तेव्हा सहा. आवाज वाढले. मऊ बोलण्याचं प्रशिक्षण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कुणीतरी टेबलावर असा हात आपटला, की कपबशा उडाल्या. साडेसहाला कुणाला तरी पक्षकारांची आठवण झाली. सगळ्यांनी केस नीट केले, चेहऱ्यावर सौम्यपणा आणला आणि मला बोलवायला पाठवलं.

बाक रिकामा. मावशी केर काढत होती.

"मावशी, त्या दोघी?"

"गेल्या की. मिटलं म्हणून सांगा म्हनल्या."

"मिटलं? कसं काय?"

"तुमचं ऐकत बसल्या हुत्या दोगी. सुरवातीला लांब लांब बसल्या, मंग जवळ सरकल्या, नीट ऐकू येईना म्हणून. वरची म्हनली, ही मानसं आपलं मिटवनार व्हय? खालची जी हसाय लागली, ती थांबंचना. मंग वरची म्हनली, कुंड्याखाली थाळ्या ठेवते. खालची म्हनली, मी बी वाळवन जरा इकडं घेते. गेल्या एकाच रिक्षानं. तुमचा भडंग बी खाल्ला त्यांनी."

"किती?" आतून काकांचा आवाज आला.

मी आत येऊन निवेदन केलं. वहिनींना आनंद झाला. वार्षिक अहवालात 'यशस्वी' या रकान्यात एक आकडा वाढला. वकीलसाहेब म्हणाले, कसं काय यशस्वी? मध्यस्थी झालीच नाही, 'पक्षकार गैरहजर' असं लिहा. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, तोडगा पक्षकारांच्या तोंडून आला, ही तर आदर्श मध्यस्थी. नाना म्हणाले, "मिटलं न्हवं? मंग लिवा की मिटलं." शेवटी 'यशस्वी' लिहायचं ठरलं. मी रजिस्टर उघडलं आणि अडलो. शेजारच्याच रकान्यात 'मध्यस्थाचे नाव' लिहावं लागतं.

"माझं लिहा," काका म्हणाले. "किल्लीवर मीच बोलत होतो. ते त्यांना भिडलं असणार."

"फलकावरचं माझं बोलणं जास्त मोठ्यानं होतं," वहिनी म्हणाल्या.

जज्जसाहेबांनी घसा खाकरून पुरावा मागितला. मावशीला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. नेमकं काय ऐकल्यावर त्या हसायला लागल्या, ते सावकाश आठवून सांगा, घाई नाही. मावशीनं पदर खोचला आणि विचार केला.

"टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला बघा, तवा."

हात कुणी आपटला, हे अर्ध्या तासापूर्वी विचारलं असतं तर आठही जणांनी मान खाली घातली असती. नववे डॉक्टर, ते तेव्हा नव्हतेच. आता पाच जणांनी एकदम 'मी' म्हटलं. वकीलसाहेब उभे राहिले, सभेकडे बघितलं, आणि हात त्यांनीच आपटला होता हे त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं.